तळपायाला तारली

सरकारी कागदावर माझं पद 'औषधनिर्माण अधिकारी' असं होतं. नोकरीच्या एकतीस वर्षांत मी एकही औषध निर्माण केलं नाही. गोळ्या खोक्यांतून काढल्या, कागदी पाकिटांत घातल्या आणि खिडकीतून बाहेर दिल्या. गावातल्या बायका मला 'गोळ्येवाली बाय' म्हणत, पुरुष 'कंपाउंडर बाई' म्हणत. पदाची पाटी खिडकीवर टांगलेली होती, पण ती वाचून कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

लोकांना वाटतं, ही एक प्रकारची दुकानदारीच. पण गोळी खिडकीबाहेर गेली की खरं काम सुरू होतं. ती रोग्याच्या पोटात जाते, शेजारणीच्या पोटात जाते, की मरगळलेल्या कोंबडीला घातली जाते, हे विचारावं लागतं. मी विचारत असे, पण नेहमी नाही. कधी विचारायचं राहून गेलं आणि त्याचं काय झालं, ते सांगायचं ठरवलं आहे. गोष्ट बरीचशी हसण्यासारखी आहे. मीही तेव्हा हसले होते.

दोन हजार आठ-नऊचे दिवस. आमचं आरोग्य केंद्र वेंगुर्ल्याच्या वर, किनाऱ्यालगत. डॉक्टर नवे होते, बीडकडचे, जेमतेम सत्तावीस वर्षांचे. त्यांना मासा एवढंच माहीत होतं, त्यात बांगडा कुठला आणि तारली कुठली हे माहीत नव्हतं. मालवणी कळायचीही मारामार. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी म्हणाली, "घरात सून आसा," म्हणजे सून आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'सून आशा कार्यकर्ती.' तेव्हापासून दुभाषी म्हणून मला खिडकी सोडून त्यांच्या टेबलाशी उभं राहावं लागे.

बाजारात दिगंबरचं सायबर कॅफे होतं. आधी त्याचा टेलिफोन बूथ होता, मोबाइल आले तशी त्याने बूथची काच काढून तिथे दोन कॉम्प्युटर बसवले. त्या काळात गावोगावच्या मुंबईकर आणि आखातातल्या मंडळींनी इंटरनेटवर आपापल्या गावाच्या नावाने गट काढले होते. आमच्याही गावाचा होता. जत्रेचे फोटो, कोणाच्या लग्नाच्या बातम्या, आणि उरलेल्या जागेत घरगुती औषधं. गावात राहणाऱ्यांपैकी कोणी कॉम्प्युटरला हात लावत नसे. पण दिगंबर गटावरचा मजकूर छापून भिंतीला लावी, आणि फारच महत्त्वाचा असेल तर त्याला प्लास्टिकचं आवरण घालून देई. आमच्याकडे प्लास्टिकचं आवरण असलेला कागद म्हणजे खरा कागद. रेशनकार्डाला तेवढा मान नव्हता.

नाना गुरुजींच्या उपायाचा कागद असा आवरणातूनच माझ्या खिडकीवर आला.

नाना गुरुजी म्हणजे प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले. मधुमेह जुना, आणि तळपायांची आग त्याहून त्रासाची. वर्षानुवर्षं ते ओल्या गोणपाटावर पाय ठेवून पेपर वाचत. आमच्याकडे माणसं प्रत्येक दुखण्याला 'शीर' म्हणतात, पण ही रक्ताची शीर नव्हे. मेंदूकडे निरोप नेणाऱ्या ज्या बारीक तारा असतात, त्या साखरेने खराब होतात आणि नसलेल्या आगीचे निरोप पाठवत राहतात. त्यासाठी डॉक्टरांनी गुरुजींना झोपताना घ्यायची एक लहानशी गोळी सुरू केली होती. ती मीच दर महिन्याला देत होते.

त्यांचा मुलगा सुधीर मस्कतला. त्याने गटावर लिहिलं होतं की माझ्या वडिलांच्या पायांची दहा वर्षांची आग सात दिवसांत गेली. उपाय असा: दुपारी जेवण झाल्यावर ताजी तारली तळपायाला बांधावी. शेपूट टाचेकडे, डोकं बोटांकडे. वर कोरं फडकं. तासभर पडावं. मासा थंड पाण्यातला असल्यामुळे शिरांतली उष्णता ओढून घेतो. पुरावा म्हणून लिहिलं होतं, 'सोडल्यावर मासा अर्धवट शिजल्यासारखा दिसतो.'

पंधरा दिवसांत गावात तारलीला भाव आला. मी संध्याकाळी सुलूबायकडे मासे घ्यायला गेले, तर तिने पाटीवरचं फडकं न काढताच विचारलं, "खावची काय बांधूची?"

"म्हणजे?"

"बांधूची येगळी ठेवलंय गो. ती लांब आणि सरळ व्हयी. खावची वाकडी असली तरी चलता."

तिकडे गटावर मजकुराला पाय फुटले होते. बहरीनहून कोणी सुचवलं, उजव्या पायाला नर आणि डाव्या पायाला मादी. त्यावर धक्क्यावर दोन दिवस वाद झाला, कारण जन्म समुद्रावर काढलेल्या माणसांनीही तारलीचा नर तोंडावरून ओळखला नव्हता. शेवटी एका खोताच्या घरून शंका आली की शाकाहारी माणसांनी काय करावं. उत्तर आलं, पडवळ. त्या आठवड्यात मी दोन सोवळ्या म्हाताऱ्यांना पायाला पडवळ बांधून ओसरीवर बसलेलं या डोळ्यांनी पाहिलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "एक नोटीस लावू या. हा सगळा मूर्खपणा आहे म्हणून."

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं कळलं? मासा बांधून शीर बरी होते का?"

"मलाही वाटत नाही. पण ज्याला बरं वाटलं त्याला मूर्ख म्हटलं, तर तो उद्या आपल्याकडे येणार नाही. आपण विचारू या. दुखणं नक्की काय होतं, बांधण्याआधी काय चालू होतं, बांधल्यापासून आणखी काय बदललं, आणि बरं वाटलं म्हणजे नेमकं काय झालं. एवढंच लिहून आणा."

त्यांनी मला एक वही दिली. अशा तऱ्हेने औषध कधीच निर्माण न केलेली मी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी तारलीची तपासनीस झाले.

पहिला गाठला तो सुलूबायचा नवरा, बोटीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. कमरेतून निघून पोटरीपर्यंत जाणारी कळ त्याला वर्षभर होती. तो छाती पुढे काढून म्हणाला, "बाईनू, सात दिवसांत कळ गेली. लिवा."

मी लिहिलं. मग विचारलं, "या सात दिवसांत आणखी काय केलंत?"

"काय करतलंय? पायाक मासे बांधलेले. बोटीर कसो जातलंय? जाळां ओढलंय नाय, पडान रवलंय."

सात दिवस जाळं न ओढता आडवा पडलेला तांडेल मी तोवर पाहिला नव्हता. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं होतं की थोडे दिवस ओझं उचलू नकोस. ते त्याने ऐकलं नव्हतं. तारलीचं ऐकलं.

दुसरी होती काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी एक बाई. तिच्या मनगटातून बोटांत सुया टोचत. तिने स्वतःच्या अकलेने मासे तळहातांना बांधले होते. "पंधरा दिवस बांधलंय," ती म्हणाली, "बोटां एकदम बरी झाली."

"आणि कारखान्यात?"

"खाडे झाले ते झाले."

"घरची भांडी?"

ती इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "सुनेन घासली. हाताक औषध बांधलेला दिसल्यार ती काय बोलतली?" आणि मग डोळा मारून, "आणखी पंधरा दिवस बांधूचा म्हणतंय."

मी ही वही डॉक्टरांना वाचून दाखवली तेव्हा ते टेबलावर डोकं ठेवून हसले. म्हणाले, "बाई, तारली गुणकारी आहे. ती माणसाला कामाला जाऊ देत नाही." आम्ही दोघांनीही तिला माणसांचे हातपाय बांधायचा अधिकार मनोमन देऊन टाकला.

राहिले नाना गुरुजी. सगळ्याचं मूळ तेच. आणि त्यांच्याबाबत माझ्याकडे उत्तर तयार होतं. माझ्या रजिस्टरप्रमाणे ती झोपतानाची गोळी सुरू झाली त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांची आग थांबली होती. म्हणजे गुण आमच्या गोळीचा आणि मिरवते तारली. मला त्याचा खरंच राग आला होता. आपल्या खिडकीचं नाव व्हावं असं कोणाला वाटत नाही? मी वही घेऊन तडक त्यांच्या घरी गेले.

गुरुजी ओसरीवर आरामखुर्चीत होते. दोन्ही पाय स्टुलावर, पायांना फडकी, आणि समोर अंगणात पाच मांजरं एका ओळीत, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. गुरुजींचं वैशिष्ट्य असं की घरात ते मालवणी बोलत, पण सरकारी माणूस समोर आला की शुद्ध भाषेवर येत.

"या बाई. प्रकृती उत्तम आहे. दाह संपूर्ण शमला आहे."

"मग आता कशाला बांधता?"

"लोक पाहायला येतात. प्रात्यक्षिक दाखवावं लागतं."

मी विजयी आवाजात विचारलं, "आणि झोपतानाची गोळी न चुकता घेता ना?"

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. दारात त्यांच्या पत्नी, माई, उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि लोणच्याची एक बरणी घेऊन आल्या. बरणीत माझ्या सगळ्या गोळ्या होत्या. पाकिटांवर माझ्याच अक्षरात 'रात्री १'.

"हे काय गुरुजी?"

"दिगंबराने त्या गोळीचं नाव इंटरनेटवर शोधलं," गुरुजी म्हणाले. "तिथे लिहिलं आहे की ती खिन्न मनाच्या माणसांना देतात. माझा पाय जळत होता बाई, माझं डोकं फिरलेलं नव्हतं."

त्यांचं खोटं नव्हतं. ती गोळी मुळात खिन्नतेवरचीच, पण कमी मात्रेत शिरांची आग शांत करते. एवढं एक वाक्य मी गोळी देताना सांगायला हवं होतं. मी 'रात्री एक' म्हणून पुढच्या माणसाकडे वळले होते. दिगंबरने निदान अर्धं तरी सांगितलं, मी काहीच सांगितलं नव्हतं.

मी उठता उठता माईंनी मला गुरुजींच्या तारलीवर मांजराने मारलेल्या डल्ल्याचा किस्सा, जो गावभर पसरला होता आणि मीही आधीच ऐकला होता, स्वतःच्या तोंडून ऐकवला, आणि आम्ही दोघी खूप हसलो. गुरुजीही हसले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. तारलीने आग जात नाही, गोळी पोटात गेलेलीच नाही, तरी आग थांबली आहे. डॉक्टर पेन चावत बसले. वातावरण हलकं करावं म्हणून मी तो किस्सा माईंच्याच शब्दांत सांगितला: "दुपारी निजलेले, आणि मांजर येवन फडक्यासकट तारली खाऊन गेला. पायाक धरून ओढीत होता तरी तेंका जाग नाय!"

डॉक्टर हसले नाहीत. मला वाटलं, त्यांना मालवणी कळली नाही. मी सांगायला लागले, "म्हणजे मांजराने..."

"कळलं मला," ते म्हणाले. "मांजर पाय ओढत होतं आणि गुरुजी उठले नाहीत?"

"हो. गाढ झोप..."

"बाई, ती झोप नाही. तंगूस मिळेल का कुठे?"

तंगूस म्हणजे गरीला लावायची नायलॉनची दोरी. असा दोरा तळपायाला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहण्याची एक साधी तपासणी असते. त्यासाठी ठरावीक जाडीचा दोरा लागतो, तो आमच्याकडे नव्हता. मी तांडेलाच्या घरून वेगवेगळ्या जाडीचे चार तुकडे आणले. औषधं तोलायचा जुना काटा कपाटात पडून होता, त्यावर डॉक्टरांनी एकेक तुकडा टेकवून पाहिला. दहा ग्रॅमच्या दाबाला जो वाकला, तो पेन्सिलीला बांधला. दवाखाना माझ्या सहकाऱ्यांवर सोडून आम्ही दोघं त्याच पावली निघालो.

गुरुजींना डॉक्टर आपल्या ओसरीवर आल्याचा आनंद झाला. डॉक्टरांनी फडकी सोडली. "डोळे मिटा गुरुजी. पायाला काही लागलं की 'हो' म्हणा."

गुरुजींनी डोळे मिटले. पाठ ताठ, हात मांडीवर. परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखे.

डॉक्टरांनी तंगूस अंगठ्याला टेकवली. ती वाकली. मग करंगळीला, मग चवड्याला, मग टाचेला. मग दुसरा पाय. मी शेजारी वही घेऊन उभी होते. 'हो' आला की खूण करायची होती. माझ्या वहीत एकही खूण नव्हती.

थोड्या वेळाने गुरुजी डोळे मिटूनच म्हणाले, "करा सुरुवात डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "झालं गुरुजी."

गुरुजींनी डोळे उघडले. पहिल्यांदा ते हसले, आपली गंमत केली असं वाटून. मग त्यांनी माझी कोरी वही पाहिली.

डॉक्टर पाय उचलून उजेडाकडे वळवत होते. डाव्या करंगळीच्या खाली, घडीत, मांजराच्या दातांच्या दोन खुणा होत्या, आणि तिथून काळपट निळा रंग शेजारच्या बोटाकडे सरकला होता. पू होता. वास असणारच, पण त्या घरात महिनाभर सगळ्याला तारलीचाच वास येत होता. कोणाला वेगळा कळणार?

"आग थांबली ती बरी झाली म्हणून नाही," डॉक्टर म्हणाले. "निरोप नेणाऱ्या ताराच बंद पडल्या. आता खरी आग लागली तरी तुम्हाला कळणार नाही."

गुरुजींची शुद्ध भाषा तिथे संपली. "म्हणजे डॉक्टरानू," ते म्हणाले, "माजो पाय... माजो रवलो नाय?"

माई खाली बसल्या. त्या मला म्हणाल्या, "बाय गो, परवा चुलीतलो निखारो तेंच्या पायार पडलो. मी ओरडलंय, ते म्हणाले, काय नाय लागला. मी समाजलंय, देवान बरां केल्यान."

त्याच दुपारी गाडीने त्यांना गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. गाडीत मी बरोबर होते. वाटेत माझ्या डोक्यात एकच चालू होतं की तो किस्सा मी किती जणांना सांगितला. बहिणीला फोनवर सांगितला होता, बँकेत सांगितला होता. वहीत चार प्रश्न नीट विचारून मी सगळ्या गावाची झडती घेतली, आणि ज्या गोष्टीवर प्रश्न विचारायचा तिच्यावर हसून मोकळी झाले. 'बरं वाटलं म्हणजे नेमकं काय झालं', हा प्रश्न डॉक्टरांनी मला शेवटचा म्हणून सांगितला होता. गुरुजींना मी तो विचारलाच नव्हता, कारण माझं उत्तर आधीच ठरलेलं होतं.

दोन बोटं गेली. पाय वाचला. तिथले डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर पाय कापणं घोट्यावरही थांबलं नसतं.

घरी आल्यावर गुरुजींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मस्कतला फोन. सुधीरने आता खरं काय ते गटावर लिहावं. सुधीर कबूल झाला आणि लिहीना. त्याचंही चुकत नव्हतं. त्याच्या त्या मजकुरावर शेकडो लोकांनी आशीर्वाद दिले होते, त्याला 'डॉक्टर सुधीर' म्हणू लागले होते. महिनाभर वाट पाहून गुरुजी काठी टेकत स्वतः दिगंबरच्या कॅफेत गेले. मला त्यांनी सोबत बोलावलं. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी तासाभरात चार ओळी लिहिल्या. मधे दिगंबर म्हणाला, "गुरुजीनू, मी टाइप करतंय." गुरुजी म्हणाले, "नको. चूक माझी आहे, शुद्धलेखन माझंच असू दे."

त्यांनी लिहिलं होतं: 'माझी जळजळ थांबली कारण माझ्या पायांची संवेदना गेली होती. माशाने काही झाले नाही. झोपेत मांजर चावले ते मला कळले नाही. दोन बोटे कापावी लागली. कृपया कोणी तारली बांधू नये.'

आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तरं पाहायला गेलो. पहिलं उत्तर आखातातूनच आलं होतं, कोणा अनोळखी गाववाल्याचं. 'गुरुजी, नमस्कार. मी तीन आठवडे बांधतो आहे, मलाही पूर्ण गुण आला. आमच्या बिल्डिंगमध्ये मांजर नाही. तर चालू ठेवले तर चालेल का?'

दिगंबर हसू दाबत मॉनिटरच्या मागे गेला. मीही ओठ चावला. गुरुजी मात्र तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"पूर्ण गुण आला म्हणतो," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा एका बोटाने लिहायला बसले. त्या माणसाला त्यांनी उपदेश केला नाही. तंगुसाची तपासणी कशी करायची ते पायरीपायरीने लिहिलं. डोळे मिटा. खोलीतल्या मित्राला पायाला हलकेच दोरा टेकवायला सांगा. मित्राने हळूच करावं, सांगून करू नये. किती वेळा कळलं ते मोजा.

तीन दिवसांनी उत्तर आलं. दिगंबर ते छापून घेऊन स्वतः दवाखान्यात आला, आवरण घालायला थांबला नाही. मी खिडकीतच वाचलं.

'गुरुजी, मित्राने दहा वेळा लावला म्हणतो. मला दोनदा कळला. आज सकाळी इस्पितळात आलो आहे. इथे सगळे विचारतात तुला कोणी पाठवले.'